सोमवारचा डबा सोमवारीच: कामाच्या आठवड्याची धास्ती एकेका दिवसात कशी वाटून घ्यावी

रविवारी रात्री पाच दिवसांचे डबे कोणी भरून ठेवत नाही. शुक्रवारची भाजी शुक्रवारीच फोडणीला पडते. फार तर शेंगदाण्याचं कूट केलेलं असतं, मटकी भिजत घातलेली असते. कामाची धास्ती मात्र नेमकी उलटी वागते. सोमवारचं स्टेटस, बुधवारचं ऑडिट, गुरुवारचा रिव्ह्यू, शुक्रवारी क्लायंटला द्यायची फाइल, सगळं रविवारी संध्याकाळी एकाच ताटात वाढून येतं आणि पोटात गोळा येतो.

एका वेळी एकच दिवस हातात घ्यायचा, हा त्यावरचा उपाय. पण ‘उद्याचं उद्या बघू’ असं नुसतं म्हणून तो जमत नाही. कूट आणि मटकी लागते, तशी थोडी आधीची तयारी लागतेच. ती कुठल्या वारी, किती मिनिटं आणि कशी करायची, हे पुढे दिलं आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून ऐरोली, महापे, वाशी, वागळे इस्टेट अशा ठिकाणी कामाला जाणाऱ्यांचा दिवस इथे धरला आहे.

आधी झोपेचा हिशेब

रविवारच्या धास्तीतला बराच वाटा कामाचा नसतोच, झोपेचा असतो. शनिवारी रात्री दीडला झोपायचं, रविवारी दहाला उठायचं, जेवून दोन तास ताणून द्यायची, सहाला कडक चहा घ्यायचा आणि सोमवारी पावणेसहाचा गजर आहे म्हणून रात्री अकराला दिवा मालवायचा. गाढ झोप यायला साधारण पंधरा-सोळा तासांचं जागेपण अंगात साठावं लागतं. इथे जेमतेम अकरा तास साठलेले असतात. झोप येत नाही, अंधारात डोक्याला दुसरा उद्योग नसतो, आणि मग गुरुवारचा रिव्ह्यू सुरू होतो. माणसाला वाटतं की काळजीमुळे झोप येत नाही. पुष्कळदा झोप येत नाही म्हणून काळजीला मोकळं रान मिळतं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ कामाच्या दिवसापेक्षा एक-दीड तासापलीकडे जाऊ देऊ नका. मटणाच्या जेवणावर झोपू नका, हे सांगून कोणी ऐकणार नाही. तेव्हा झोपा, पण तीनच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावून. शेवटचा चहा किंवा कॉफी चारपर्यंत. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे सहाला घेतलेल्या कपातला अर्धा कप रात्री अकराला अंगात असतोच. दोन रविवार एवढंच करून बघा. काहींची निम्मी तक्रार इथेच मिटते.

सुरुवात शुक्रवारी, वीस मिनिटांत

उरलेली धास्ती अर्धवट कामांची असते. पुरी झालेली कामं डोकं सोडून देतं आणि अर्धवट राहिलेली धरून ठेवतं, हे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडलं. सुटकेची वाट पुढे २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर या दोघांच्या प्रयोगांतून दिसली: काम पूर्ण झालं नाही तरी ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरलं, की त्याची टोचणी कमी होते. ‘बघू सोमवारी’ म्हणजे ठरणं नव्हे.

शुक्रवारी निघण्याआधी कागद घ्या. पहिली आठ मिनिटं डोक्यात घोळणारं सगळं उतरवून काढा; बारा ओळींच्या पुढे जाऊ नका. पुढची आठ मिनिटं प्रत्येक ओळीपुढे पहिलं पाऊल लिहा, आणि ते क्रियापदानं संपू द्या. ‘व्हेंडर पेमेंट’ ही ओळ निरुपयोगी आहे. ‘अकाउंट्समध्ये फोन करून राहिलेल्या दोन बिलांची तारीख विचारणं’ ही कामाची. जे काम दुसऱ्याच्या हातात अडकलंय त्यापुढे त्या माणसाचं नाव आणि परत विचारायचा वार लिहा, म्हणजे ते तुमच्या डोक्यात मुक्काम करणार नाही. शेवटच्या चार मिनिटांत प्रत्येक ओळीला एक वार द्या आणि सोमवारच्या पहिल्या कामाची फाइल टेबलावर, लॅपटॉप असेल तर स्क्रीनवर, सगळ्यात वर ठेवा.

हे फसतं दोन कारणांनी. एक, शुक्रवारी साडेसहाला कोणाचा तरी ‘दोनच मिनिटं’वाला कॉल येतो आणि वीस मिनिटं गिळतो. म्हणून ही वेळ साडेचार-पाचला कॅलेंडरमध्ये अडवून ठेवा. नंतर उगवलेली एखाददुसरी ओळ ट्रान्सहार्बर लोकलमध्ये बसायला मिळालं की वाढवता येते. दुसरं, लोक यादी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात. मग शनिवारी ती बघायला ॲप उघडलं की शेजारी ऑफिसचा ग्रुप हजर. कागदच बरा. तो बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा आणि बॅग दारामागे.

रविवारी पाच वाजता: काळजीची बैठक

काळजी करू नकोस, असं सांगून ती थांबत नाही. दाबली की उसळते. अमेरिकेत थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये वेगळा मार्ग तपासला: काळजीला रोजची ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा द्यायची, आणि इतर वेळी ती आली की त्या वेळेवर ढकलायची. त्यांनी अर्धा तास दिला होता. आठवड्याच्या धास्तीसाठी रविवारी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ज्यांना रोजच त्रास होतो, त्यांनी संध्याकाळी रोज दहा मिनिटं काढावीत.

वेळ पाच ते साडेपाचच्या दरम्यान. रात्री आठनंतर अजिबात नको. जागा पलंग सोडून कुठलीही. वन बीएचकेत माणसं जास्त नि खुर्च्या कमी असतील तर सोसायटीचा बाक, उपवन तलावाचा काठ, वाशीतलं सागर विहार, काहीही चालेल, फक्त दर वेळी तीच जागा असू द्या.

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात, काय बिघडेल असं वाटतंय. दुसऱ्यात, त्यातलं माझ्या हातात काय. तिसऱ्यात वार. उदाहरणार्थ: ‘रिव्ह्यूत मागच्या तिमाहीचे आकडे विचारतील आणि मला सांगता येणार नाहीत’, हातात काय, तर ‘तिमाहीचा तक्ता काढून सहा आकडे एका चिठ्ठीवर लिहिणं’, वार, मंगळवार. काही ओळींत दुसरा रकाना रिकामाच राहतो. ‘नवीन मॅनेजर कसा असेल कोण जाणे.’ तिथे ‘नाही’ लिहा आणि पुढच्या ओळीवर जा. काळजी पटते की नाही याचा वाद तिथे घालायचा नाही.

गजर झाला की उठा आणि लगेच अंग हलवणारं काम करा: वीस मिनिटं चालणं, कपड्यांना इस्त्री, डब्याची मटकी भिजत घालणं. बसून राहिलात तर बैठक लांबते, आणि घरच्यांशी चर्चा सुरू झाली तर ती जेवणापर्यंत चालते. जोडीदाराला आधीच सांगून ठेवा की या पंधरा मिनिटांत उपाय सुचवायचे नाहीत.

आता मेल. रविवारी रात्री मोबाइलवर ‘नुसतं बघून ठेवतो’ हे सगळ्यात वाईट, कारण संकट कळतं पण त्यावर करता काहीच येत नाही. नोकरीच तशी असेल, बघणं भागच असेल, तर संध्याकाळी सहाला एकदा, लॅपटॉप उघडून, उत्तर देण्याच्या तयारीनं बघा. मग बंद. नोटिफिकेशन सोमवारी ऑफिसात पोचेपर्यंत बंदच.

रोजचं कार्ड

दिवस पाणबंद कप्प्यासारखा जगावा, ही कल्पना जुनी आहे. जहाजाच्या अशा कप्प्यांचाच दाखला देऊन डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १९१३ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना ती सांगितली होती. प्रत्यक्षात कप्प्याची भिंत बांधायला एक कार्ड लागतं. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की चार दिवसांची सोय झाली.

पुढच्या बाजूला तारीख, त्याखाली एक मुख्य काम आणि दोन किरकोळ. मागच्या बाजूला वर लिहा, ‘आज नाही’. दिवसभरात गुरुवार-शुक्रवारचं जे काही डोक्यात येईल ते दोन शब्दांत मागे टिपायचं आणि कार्ड पुन्हा उलटायचं. विचार हरवणार नाही याची खात्री पटली की तो सारखा दार वाजवत नाही.

तीनच कामं का, हा प्रश्न येतोच. गणित करून बघा. साडेनऊ ते साडेसहा म्हणजे ५४० मिनिटं. जेवण-चहा ६०, मीटिंगा १५०, मेल आणि चॅट ९०, ‘अरे जरा बघतोस का’ म्हणून येणारे ६०. उरले १८०, म्हणजे तीन तास. त्यात दीड तासाचं मुख्य काम, अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन, आणि अर्धा तास अचानक उपटणाऱ्यासाठी. तुमचे आकडे वेगळे असतील, पण एकदा एक दिवस घड्याळ लावून ते काढाच. ज्यांच्या यादीत रोज दहा कामं असतात, ते रोज सात कामांचं अपयश घेऊन घरी जातात, आणि आठवड्याची धास्ती नेमकी त्यावर पोसते.

एकेक दिवस घ्यायचा म्हणजे गुरुवारकडे पाठ फिरवायची असं मात्र नाही. पद्धत नेमकी इथे चुकीची समजली जाते, आणि बुधवारी रात्री तिची किंमत मोजावी लागते. गुरुवारी अकराला रिव्ह्यू असेल तर उलटीकडून मोजत या. गुरुवारी सकाळी: एकदा मोठ्यानं वाचून बघणं, पंधरा मिनिटं. बुधवारी: सहकाऱ्याला दाखवून तो अडखळला ती जागा दुरुस्त करणं, चाळीस मिनिटं. मंगळवारी: सहा स्लाइडचा कच्चा आराखडा आणि आकड्यांची चिठ्ठी, दीड तास. सोमवारी: आकडे मागवणारा मेल आणि जुनी फाइल शोधणं, अर्धा तास. सोमवारच्या कार्डावर रिव्ह्यू हा शब्दच येत नाही. फक्त ‘आकड्यांसाठी मेल, जुनी फाइल’ एवढंच येतं. सोमवारपुरता तेवढाच रिव्ह्यू अस्तित्वात आहे. दुपारी त्याची भीती वाटली तर स्वतःला एकच विचारा: आजचा तुकडा झाला का? झाला असेल तर बाकीचं कार्डाच्या मागे. झाला नसेल तर भीती बरोबर आहे, तुकडा करा.

मुख्य काम मेल उघडण्याआधी सुरू करा, निदान पंचवीस मिनिटं. सुरुवातच होत नसेल तर काम मोठं लिहिलं गेलंय असं समजा आणि दहा मिनिटांत संपेल एवढा कपटा काढा: फाइलला नाव देणं, मथळे टाकणं, पहिला तक्ता चिकटवणं.

वाटेवर

सोमवारी एक लोकल आधीची पकडा. घोडबंदर रोडनं येणाऱ्यांनी नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी निघावं. कापूरबावडीला अडकून घड्याळाकडे बघत बसलात तर छातीतली धडधड उशिराची असते, पण ती आठवड्याच्या नावावर लागते.

गर्दीत श्वासाचा उपाय चालतो, फक्त नीट करायला हवा. नाकानं चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. दहा सेकंदांत एक, मिनिटाला सहा. तीन ते पाच मिनिटं पुरे. सोडलेला श्वास लांब असला की हृदयाचे ठोके संथ होतात, सगळी किमया त्यात आहे. चूक होते ती छाती फुगवून मोठमोठे श्वास घेण्यात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास नेहमीएवढाच घ्यायचा, सोडायचा सावकाश. दारात लटकून हा प्रयोग करू नका, आत सरका.

मध्येच नवं काम आलं तर

तीन कामांचं कार्ड अकरा वाजेपर्यंत टिकतं, मग साहेब येतात. ‘नाही’ म्हणणं बहुतेकांना परवडत नाही, आणि ‘हो सर’ म्हटलं की पोटात गोळा. मधली वाट म्हणजे कार्ड पुढे करून विचारणं: “सर, हे आज संध्याकाळी हवंय की उद्या बारापर्यंत चालेल? आजच हवं असेल तर मी आकड्यांचं काम उद्यावर टाकते. चालेल ना?” यात नकार नाही, तक्रार नाही, काय मागे सारायचं तो निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे गेला. तोंडी ठरलं तर दोन ओळींचा मेल टाकून ठेवा. पुष्कळदा उत्तर येतं, “उद्या दे गं, चालेल.” तातडी बहुधा विचारलं नाही म्हणूनच असते.

उत्तर ‘दोन्ही आजच’ असं रोज येत असेल, तर ते धास्तीचं नव्हे, माणसं कमी असल्याचं दुखणं आहे. दोन आठवड्यांची कार्डं समोर ठेवून त्यावर वेगळं बोलावं लागेल.

संध्याकाळी पाच मिनिटं, आणि रात्रीचे तीन

निघताना कार्डावरची झालेली कामं खोडा, मागच्या बाजूचं शुक्रवारच्या कागदावर त्या-त्या वारापुढे उतरवा, उद्याचं कार्ड लिहा. हे राहून गेलं तर झोपण्याआधी, पण पलंगाबाहेर बसून करा. बेलर विद्यापीठात ५७ तरुण-तरुणींवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणारे हे झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. एकाच प्रयोगावर फार भार टाकू नये, पण पाच मिनिटांत जातं काय?

रात्री तीनला जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा. मंद उजेडात बसून कंटाळवाणं काहीतरी वाचा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ पालथं घाला; ‘आता अडीचच तास उरले’ हा हिशेब झोपेचा वैरी. मोबाइल हातात घ्यायचा नाही, वेळ बघायलासुद्धा.

पाळीनं काम करणाऱ्यांनी आणि मंगळवारी सुट्टी असणाऱ्यांनी वार बदलून घ्यावेत. शेवटच्या पाळीचा शेवट हा त्यांचा शुक्रवार, सुट्टीची संध्याकाळ हा रविवार. रात्रपाळी असेल तर चहाची शेवटची वेळ झोपण्याआधी सहा-सात तास.

बुधवारी कार्ड लिहायचं राहिलं तर बुधवारचं नंतर भरत बसू नका. गुरुवारचं नवीन घ्या.

कार्डानं भागणार नाही तेव्हा

छातीत दुखून हात, जबडा किंवा पाठीकडे कळ जाणं, घाम फुटणं, धाप लागणं, याला ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसायचं नसतं. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. सततची धडधड, हाताला कंप, वजन उतरणं असेल तर फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणी करून घ्या. वाढलेल्या थायरॉइडचं रूप चिंतेसारखंच दिसतं.

शरीर ठीक असेल आणि तरी दोन आठवडे बहुतेक दिवस धास्ती उतरत नसेल, तर जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी बघा. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात. एकूण १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटावं. ते निदान नव्हे, दार ठोठावायची खूण आहे. सुट्टीतही धास्ती जात नसेल, दारू किंवा झोपेच्या गोळीशिवाय रात्र निघत नसेल, कामावर जाणंच टाळलं जात असेल तर गुण मोजत बसायचंही कारण नाही. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच क्षणी घरच्या कोणाला तरी सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ ला फोन लावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे. मनोरुग्णालयाच्या नावाला बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

एक गोष्ट वेगळी काढायला हवी. धास्ती कामाची नसून एका विशिष्ट माणसाची असेल, अपमान, धमक्या किंवा नकोशी लगट असं काही असेल, तर श्वास मोजून ती जाणार नाही. तारीख, वेळ, शब्द आणि हजर कोण होतं, हे लिहून ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नव्हे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जाल तेव्हा मागच्या चार आठवड्यांची कार्डं रबर लावून सोबत न्या. किती दिवस मुख्य काम झालं, ‘आज नाही’च्या बाजूला कोणतं वाक्य पुन्हा पुन्हा आलं, हे त्यांना त्या गठ्ठ्यातून दिसतं. ‘खूप टेन्शन आहे हो’ एवढं सांगण्यापेक्षा पहिली भेट त्यानं बरीच पुढे जाते.